अजिंठ्याचा अनाम चितारी



अजिंठा आपल्या धाडपासून फार दूर नाही; पण जवळचे पाहायचे आपण उद्यावर टाकतो. आम्हीही पहिल्या खेपेस दहाव्या लेण्यातून तसेच पुढे गेलो होतो.

तेथे उजव्या भिंतीवर षड्दंत जातक चितारले आहे. त्याला सुमारे दोन हजार वर्षे झाली. मागल्या जन्मी सहा सुळ्यांच्या गजराजावर रुसलेली हत्तीण काशीची राणी होते आणि सूड म्हणून शिकाऱ्याकडून त्याचे सुळे मागविते. सुळे समोर येतात आणि राणी कोसळते! सूड पुरा होतो, पण जिंकत कोणीच नाही. हे त्या चिताऱ्याने एका ढासळत्या देहातून सांगितले.

लेण्याच्या दर्शनी भागावर दात्याचे, वासिष्ठीपुत्र कटहादीचे, नाव कोरलेले आहे. १८१९ साली शिकारीस आलेल्या जॉन स्मिथने तर खांबावरच्या चित्रावरच आपले नाव खरवडले. चिताऱ्याचे नाव मात्र आपणांस ठाऊक नाही.

चित्र फार झिजले आहे. तेव्हा तेथे जाल त्या वेळी डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबा. त्याच्या श्रमांचे तेवढे ऋण आपण फेडू शकतो.