टाके डॉक्टरांचे, राखण आपली

दुपारची कामं उरकून कुणी गोधडीला टाके घालत बसली असेल, कुणी शेंगा फोडत असेल. हात चालू राहू द्या, कान इकडे द्या. आज आपण शेळीच्या ऑपरेशननंतरच्या टाक्यांविषयी बोलणार आहोत. हे आम्ही एक शेळी गमावून शिकलो, म्हणून सांगतोय.

आमच्या गटात अकरा जणी आहोत. सात जणींनी गटाचं कर्ज काढून उस्मानाबादी शेळ्या घेतल्या. दोन वर्षांपूर्वी, आषाढातली गोष्ट. आमच्यातल्या एका काकूंची शेळी अडली. पहिलंच वेत, करडू आडवं आलेलं. डॉक्टरांनी डाव्या कुशीवर भूल देऊन ऑपरेशन केलं, करडू जिवंत निघालं. आम्ही सगळ्या खूश! डॉक्टर जाताना म्हणाले, "ताई, माझं काम झालं. आता बारा-चौदा दिवस तुमचं काम." आम्ही माना डोलावल्या आणि आपापल्या घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी काकू खुरपायला गेल्या. जाणं भागच होतं, सोयाबीनची खुरपणी होती आणि हप्ताही जवळ आला होता. शेळी बाकीच्या शेळ्यांत बांधलेली. तिसऱ्या दिवशी जखमेला पाणी सुटलेलं दिसलं, तेव्हा कुणी म्हणालं राख लाव, कुणी म्हणालं तेलात हळद कालव. सल्ला देणाऱ्या आम्हीच. शेळी कूस भिंतीला घासायची, मान वळवून टाके ओढायची. चार दिवसांनी वास आला. केस बाजूला करून पाहिलं तर आत अळ्या वळवळत होत्या. डॉक्टर आले, जखम धुतली, इंजेक्शनं दिली. पण विष आत उतरलं होतं. नवव्या दिवशी शेळी गेली.

त्या महिन्याच्या बैठकीत काकूंनी हप्ता भरला आणि म्हणाल्या, "कर्जाचं सोडा, फेडीन मी. पण ती दिवसभर घासत होती आणि बघायला घरी कुणी नव्हतं." त्यावर कुणाला बोलता येईना. चूक एकट्या काकूंची नव्हती. ज्या बाईचं पोट मजुरीवर आहे, ती चौदा दिवस शेळीजवळ कशी बसणार? त्या दिवशी आम्ही ठरवलं, गटातल्या कुणाच्याही जनावराला टाके पडले तर राखण गट करणार.

मागच्या वर्षी ती वेळ आली. दुसऱ्या एका ताईंची शेळी अडली, पुन्हा ऑपरेशन. या वेळी डॉक्टर जायच्या आधीच आम्ही पाळ्या लावल्या. सकाळी एक, दुपारी एक, रात्री घरची माणसं. जिची पाळी, तिने येताना हात साबणाने धुवायचे आणि जाताना वहीत लिहायचं: शेळीने खाल्लं का, रवंथ केलं का, जखम कशी दिसते.

आता काय केलं ते सांगतो.

पहिलं, जागा. शेळीला कळपातून काढून वेगळ्या कोरड्या कोपऱ्यात बांधलं. करडाला दूध पाजायला जवळ ठेवलं, पण दुसरी शेळी टक्कर मारायला येणार नाही असं बघितलं. खाली भुसा घातला नाही, तो जखमेला चिकटतो. धुतलेलं पोतं घातलं, ओलं झालं की बदललं. लेंड्या आणि मूत दिवसातून दोन-तीनदा काढलं. दावं आखूड ठेवलं, पण उठता-बसता येईल आणि गळ्याला फास बसणार नाही एवढं.

दुसरं, माश्या. पावसाळ्यात हा सगळ्यात मोठा वैरी. माशी जखमेवर अंडी घालते आणि एका दिवसात त्यातून अळ्या निघू शकतात. म्हणून आम्ही शेळीभोवती जुनी मच्छरदाणी बांधली. डॉक्टरांनी दिलेला फवारा ते म्हणाले तसा आणि तेवढाच मारला.

तिसरं, शेळीचं स्वतःचं तोंड, शिंग आणि खूर. जखम भरताना खाज सुटते. मग जनावर चाटतं, दातांनी दोरा ओढतं, शिंगाने किंवा मागच्या पायाने खाजवतं. डॉक्टरांना विचारून आम्ही जाड पुठ्ठ्याची रुंद पट्टी फडक्यात गुंडाळून गळ्याभोवती बांधली. मान कुशीपर्यंत वळेना. पट्टी आणि गळा यांत दोन बोटं जातील एवढी सैल ठेवली आणि खाता-पिताना, पाळीवाली समोर असताना, काढली. पोटाभोवती जुन्या सुती साडीचं धुतलेलं पटकूरही बांधलं. ते सकाळ-संध्याकाळ सोडून जखम बघायची, पटकूर ओलं किंवा मळलेलं असेल तर दुसरं बांधायचं. ओल्या पटकुराखाली जखम सडते, हे विसरू नका.

चौथं, आपले हात. हे सगळ्यात अवघड गेलं. आजूबाजूच्या आज्या-मावश्या मायेनेच सांगतात, हळद लाव, चुना लाव, राख लाव, थोडं फिनाईल टाक. आम्ही हात जोडून सांगितलं, "मावशी, डॉक्टरांनी दिल्याशिवाय यावर काही लावायचं नाही." राखेतून घाण आत जाते, चुना आणि फिनाईल कोवळी कातडी भाजून काढतात. जखम कोरडी आणि स्वच्छ राहिली तर ती स्वतःच भरते. शेळीला धुवायचंही नाही. इंजेक्शनं डॉक्टर सांगतील तितके दिवस पूर्ण द्यायची, शेळी दुसऱ्या दिवशी टुणटुणीत दिसली तरी. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं आणि घरासाठी दूध कधीपासून काढायचं याचंही आधीच विचारून घ्या. औषधाचा अंश दुधात उतरतो.

खाणं हलकं ठेवलं. बाळंतीण म्हणून ज्वारी-मका भरपूर घालू नका, पोट फुगतं आणि टाक्यांवर ताण येतो. थोडा हिरवा पाला, थोडा वाळका चारा, कोमट पाणी, तेही थोडं-थोडं. टाके निघेपर्यंत चरायला सोडलं नाही. बोरी-बाभळीच्या काट्यात एक टाका अडकला तर सगळी मेहनत वाया.

आता घाबरायचं कधी? पहिले दोन-तीन दिवस थोडी सूज असते, किंचित पाणी येतं, ते चालतं. पण सूज वाढत गेली, हात लावल्यावर गरम लागली, पू किंवा वास आला, टाका सुटला, कडा उघडल्या, शेळीने खाणं किंवा रवंथ सोडलं, तर उद्यावर ढकलू नका. पशुसखीकडे थर्मामीटर असतो. शेळीचा ताप १०४ फॅरनहाइटच्या वर गेला तर लगेच कळवा. डॉक्टर मिळाले नाहीत तर १९६२ हा जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा मोफत नंबर आहे, तो गोठ्याच्या दारावर खडूने लिहून ठेवा. आणि देव न करो, टाके उघडून आतडं बाहेर दिसलं, तर ते आत ढकलू नका. उकळून गार केलेल्या पाण्यात स्वच्छ फडकं भिजवून त्यावर धरा, शेळीला शांत ठेवा आणि डॉक्टरांना बोलवा.

हेच कुत्रीलाही लागू आहे. हल्ली शेतावरच्या, दारातल्या कुत्रीची नसबंदी बऱ्याच जणी करून घेतात, चांगलं आहे. पण कुत्री टाके चाटून उघडते. गळ्यात दवाखान्यातली प्लास्टिकची कॉलर घाला किंवा लेकराचा जुना बनियन पुढचे पाय बाह्यांतून काढून अंगात घाला. दहा-बारा दिवस पळवू नका, अंघोळ घालू नका, कोरड्यात निजवा.

आमच्या त्या शेळीचे टाके तेराव्या दिवशी निघाले. डॉक्टरांनी वही चाळली आणि म्हणाले, "ही वही माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला दाखवायला द्या मला." आम्ही दिली नाही, आम्हालाच लागते. पण दुसऱ्या वहीत उतरवून दिलं.

पाळ्यांच्या त्या तेरा दिवसांत दुपारची पाळी सगळ्यात जास्त वेळा कुणी घेतली सांगू? काकूंनी. एका शब्दाने काही बोलल्या नाहीत. रोज भाकरी बांधून यायच्या आणि शेळीशेजारी बसायच्या. टाके निघाले त्या दिवशी मात्र त्यांनी शेळीच्या कुशीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "बघ, भरली गं."

तर मैत्रिणींनो, येत्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाला की एवढा एक ठराव लिहा. कुणाच्या जनावराला टाके पडले, तर पहिल्या दिवशीच पाळ्या लागतील.