कूलरचा करंट आणि ‘बाईची चूक’
(महिला मेळाव्यात केलेले भाषण)

विदर्भात उन्हाळा आला की घरोघरी कूलर लागतो. त्यात पाणी कोण भरतं? आपणच. ओल्या हातांनी, अनवाणी.

आपल्या भंडारा जिल्ह्यातल्याच एका गावातली गोष्ट. आमच्या गटातली एक बाई चालू कूलरमध्ये पाणी ओतत होती. पत्र्याला हात लागला आणि ती चिकटली. दिराने मेन स्विच पाडला म्हणून वाचली. बोटांवर तांदळाएवढ्या जखमा, तळपायाला एक. घरच्यांनी टूथपेस्ट लावली. संध्याकाळी लघवी काळ्या चहासारखी झाली, तरी “एवढंसंच तर भाजलंय!” तिसऱ्या दिवशी मी तिला दवाखान्यात नेलं. दोन बोटं कापावी लागली. गाव म्हणालं, बाई निष्काळजी. कूलरला अर्थिंग नव्हतं, हे कोणीच बोललं नाही.

९ जानेवारी २०२१ ला मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशू कक्षाला आग लागली. १० बाळं गेली, ७ वाचली. चौकशीत विजेच्या उपकरणातली ठिणगी हे कारण पुढे आलं. वरिष्ठांचं निलंबन झालं. फौजदारी गुन्हा मात्र दोन परिचारिकांवर दाखल झाला. घर असो की दवाखाना, वायरिंग बाईच्या हातात नसतं, दोष मात्र तिच्या पदरात पडतो.

विजेचं भाजणं फसवं असतं. करंट एकीकडून शिरतो, दुसरीकडून निघतो. मधले स्नायू, नसा आतून जळतात. हृदयाचे ठोके बिघडतात. फुटलेल्या स्नायूंतला अंश मूत्रपिंडात अडकतो, म्हणून लघवी काळपट होते.

तेव्हा लक्षात ठेवा. चिकटलेल्या माणसाला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या पाटावर उभं राहून कोरड्या लाकडाने ढकला. खांबावरची तार तुटली असेल तर लांबच राहा, १९१२ ला फोन करा. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, जोरात दाबत राहा. दुसरीला १०८ ला फोन करायला सांगा. वीज तुटल्यावरच भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी सोडा. पेस्ट, हळद, शेण काही नको. स्वच्छ कापडाने झाका. जखम लहान असली तरी दवाखाना गाठा आणि हृदयाचा ईसीजी व लघवीची तपासणी मागून घ्या.

पाणी भरण्याआधी कूलरचा, टिल्लू पंपाचा पिन काढा. कपडे लोखंडी तारेवर नको, नायलॉनच्या दोरीवर वाळवा. घरात अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचं ईएलसीबी बसवून घ्या. त्याचं टेस्ट बटण महिन्याला दाबून बघा.

खर्चाचं नाव काढलं की घरात “पुढच्या वर्षी बघू” म्हणतात. मैत्रिणींनो, दुचाकीच्या हप्त्याला पैसे निघतात, तर बाईच्या जिवालाही निघाले पाहिजेत. बचत गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीने एवढंच सांगायचं: माझ्या घरी अर्थिंग आहे की नाही. जिच्या घरी नसेल, तिच्या घरी आपण सगळ्या मिळून जाऊ.