पान्यांची पेटी आणि खरेदीची फाईल

नांदेड-लातूर भागात गॅरेजे पुष्कळ. परंतु तेथील कामाची प्रत पान्यांची पेटी उघडल्यावर कळते. जुन्या जीपगाड्यांचे नट इंची मापाचे. १९८३ मध्ये आलेल्या मारुतीचे मिलिमीटरचे. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर तेराचा पाना बसतो खरा, पण जोर लावताच ती बारीक फट नटाचे कोपरे खाते. मग छिन्नी-हातोडी आलीच!

इंजिनाच्या हेडचे बोल्ट टॉर्क पान्याने, ठरलेल्या क्रमानेच आवळावे लागतात. अंदाजाने आवळल्यास गॅस्केट गळते, पाणी तेलात उतरते आणि ऐन पेरणीत ट्रॅक्टर उभा राहतो.

मी कला शाखेचा पदवीधर; हत्यारांतले मला फारसे कळत नाही. तथापि एका संस्थेत सर्वांत कमी दराने घेतलेले पाने पहिल्याच सत्रात तोंड फाकून पडलेले मी पाहिले आहेत. म्हणून प्रशिक्षणासाठी हत्यारे खरेदी करताना निविदेत केवळ दर न पाहता क्रोम-व्हॅनेडियम पोलाद आणि भारतीय मानक या अटी स्पष्ट लिहाव्यात. टॉर्क पाना एकट्याला महाग पडतो; गावातील चार-पाच कारागिरांनी तो मिळून घेण्यास हरकत नाही. मात्र त्याचे माप वेळोवेळी तपासून घेतले पाहिजे.