ती कोण होती, हे विचारू नका
(रेडिओवरील भाषण)



मागच्या महिन्यात याच वेळी मी विरहाच्या कवितांवर बोललो होतो. त्यावर तुमची पत्रं आली. तुम्ही ऐकता, आवर्जून लिहिता, याचा मला फार आनंद वाटतो. पण पत्रं वाचता वाचता एक गोष्ट मनाला टोचत राहिली, आणि आज मिळालेली दहाही मिनिटं मी तिच्यावरच खर्च करणार आहे. बहुतेक पत्रांत प्रश्न एकच. कवीने ही कविता कोणावर लिहिली? ती कोण होती? त्यांचं लग्न का झालं नाही? एका बाईंनी तर विचारलं आहे, ती अजून हयात आहे का?

अहो, कविता तुमच्या हातात आहे, गाणं कानात आहे, आणि तुम्ही पत्ता काय विचारता!

हे रागाने बोलत नाही. मला तुम्हाला एक जुनी गोष्ट दाखवायची आहे. आमच्या घरी चूल होती. काडेपेटी होती, पण रोज सकाळी नवी काडी ओढणं आजीला उधळेपणा वाटायचा. रात्रीच्या भाकरी झाल्या की ती जळती लाकडं बाहेर ओढून विझवायची. उरलेल्या इंगळांतून एक चांगला टणक, बाभळीचा निखारा निवडायची. तो चुलीच्या कोपऱ्यात सरकवून त्याला गोवरीचा तुकडा लावायची, आणि वर राख. राख किती टाकायची हे तिच्या हाताला माहीत होतं. कमी पडली तर निखारा रात्रीतच जळून जायचा. दाबून बसवली तर गुदमरून त्याचा कोळसा व्हायचा. नीट जमली की पहाटे फुंकणीच्या एका फुंकरीने वरची राख उडायची आणि आत लालबुंद विस्तव. मग शेजारची कोणीतरी दारात यायची, हातात गोवरीचं खांड घेऊन. "काकू, विस्तव देता का?" आजी चिमट्याने निखारा तिच्या गोवरीवर ठेवायची. ती बाई वाऱ्याकडे पाठ करून, पदराचा आडोसा धरून तो घरी न्यायची. हा निखारा कुठल्या झाडाचा, कोणाच्या बांधावरचा, हे तिने कधी विचारलं नाही. तिला तिची चूल पेटवायची होती.

विरहाचं गाणं म्हणजे असा झाकलेला विस्तव. वृत्त, चाल, ध्रुपद ही त्याच्यावरची राख, आणि माणसाचं नाव त्या राखेखाली. तुम्ही राख उकरायला निघालात, तर हाताला चटका बसेल आणि विस्तवही जाईल.

आपल्याकडे हे आजचं नाही. गाथासप्तशती घ्या. सातवाहन राजा हाल याने कोटी गाथांतून सातशे निवडल्या, असं त्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच म्हटलेलं आहे. भाषा महाराष्ट्री प्राकृत, म्हणजे आपल्या मराठीची पूर्वज. स. आ. जोगळेकरांनी 1956 साली ती मराठीत सविस्तर आणून ठेवली आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांनी वाचनालयात जाऊन मागावी. तिच्या तिसऱ्या शतकात, म्हणजे शंभर गाथांच्या तिसऱ्या गटात, एक बाई आहे. नवरा परगावी गेला आहे. तो गेल्याचे दिवस मोजायला ती भिंतीवर रेघ ओढते. पण आज गेला, हे तिला जितक्यांदा आठवतं तितक्यांदा ती रेघ ओढते. पहिला दिवस अर्धा सरतो न सरतो तोच भिंत रेघांनी भरून जाते. जवळच आणखी एक गाथा आहे. तिथेही भिंत आहे, रेघा आहेत. मात्र तिथल्या मैत्रिणी गुपचूप येऊन दोन-तीन रेघा पुसून टाकतात. का, तर त्याने सांगितलेला दिवस जवळ येतोय. तो दिवस आला आणि हा आला नाही, तर हिचं काय होईल, या भीतीने.

थांबा, हे नीट डोळ्यांपुढे आणा. गेरूची म्हणा, कोळशाची म्हणा, भिंतीवर रेघ आहे. ती पाठमोरी झाली की एक मैत्रीण ओल्या बोटाने ती पुसते. दुसरी दारात उभी राहून लक्ष ठेवते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या मैत्रिणींचं तोंडही आपल्याला दिसत नाही, पण ते बोट दिसतं. काही गाथांच्या कवींची नावं टीकाकारांनी दिली आहेत. रेघा ओढणारीचं नाव कोणीही दिलेलं नाही. दिलं असतं तर ती एका गावची, एका घरची बाई झाली असती. नाव नाही म्हणून ती भिंत तुमच्या घरातली होऊ शकते.

लावणीकडे या. पेशवाईतली माणसं स्वारीवर जायची, महिनेच्या महिने परत यायची नाहीत. मागे राहिलेल्या बाईचं बोलणं शाहिरांनी लावणीत बांधलं. रामजोशी, होनाजी, सगनभाऊ, परशराम, सगळेच पुरुष, आणि लावणीत बोलणारी स्त्री. आता एक गंमत बघा, फार लक्ष देऊन बघा, कारण ही हातातून निसटते. शेवटच्या चरणात शाहीर आपलं नाव घालतो. लावणी कोणी केली हे तो छातीठोकपणे सांगतो. पण बोलणारी कोण, हे सांगत नाही. करणाऱ्याचं नाव उघड आणि रडणारीचं झाकलेलं. हा आपल्या परंपरेचा कायदाच समजा. मोहिमांच्या तारखा इतिहासकारांच्या कागदात सापडतात. उंबऱ्यावर काढलेल्या रात्रींचा हिशेब मात्र लावणीनेच ठेवला, आणि तोही बिननावाचा.

ज्ञानदेवांच्या विराण्यांत तर याहून पुढची पायरी आहे. तिथे विरह गोपीचा, ओढ कृष्णाची, आणि शेवटी मुद्रा येते ती विठ्ठलाच्या नावाची. कवीने स्वतःलाही राखेखाली घेतलं. विराण्यांवर खरं तर एक वेगळं भाषण व्हायला हवं. लता मंगेशकरांच्या आवाजात, हृदयनाथांच्या चालीत तुम्ही त्या ऐकल्या आहेतच. पुन्हा ऐकाल तेव्हा इतकंच बघा, की बाई रडून गातात का. गात नाहीत. सूर सरळ आहे. रडू आपल्याला येतं. राख नीट बसली आहे, म्हणून.

आता माधव जूलियन. माधव त्र्यंबक पटवर्धन, फारसीचे प्राध्यापक. 'विरहतरंग' हे त्यांचं खंडकाव्य 1926 सालचं. विरह हा शब्द त्यांनी नावातच घातला. मराठीत गझल त्यांनी आणली, 'छंदोरचना' लिहून वृत्तांचा केवढा मोठा हिशेब मांडला. आणि लोकांनी काय केलं? त्यांच्या प्रेमाची चर्चा, त्यांच्या हयातीतच. जूलियन हे टोपणनाव कुठून आलं, यावरसुद्धा तर्क. वृत्त कोणतं, ते का निवडलं, यावर बोलणारे किती थोडे! हा मला अन्याय वाटतो, आणि त्यांना जाऊन इतकी वर्षं झाली तरी वाटतो.

इथे फारसीची एक गोष्ट सांगायलाच हवी. फारसीत 'तो' आणि 'ती' यांना एकच सर्वनाम आहे. क्रियापदालाही लिंग नाही. फारसी गझलेतलं माणूस निघून जातं तेव्हा तो गेला की ती गेली, हे भाषा सांगतच नाही. झाकण्याची सोय भाषेनेच करून ठेवली आहे. मराठीत तसं नाही चालत. 'गेला' म्हणा नाहीतर 'गेली' म्हणा, पहिल्या क्रियापदालाच अर्धं गुपित फुटतं. म्हणून मराठी कवीला राख जास्त जपून टाकावी लागते. कोणी 'तू' म्हणून थेट समोरच्याशीच बोलतो. कोणी माणूस बाजूला ठेवून वाट, पाऊस, दार, दिवा यांच्याशी बोलतो. आपल्या भावगीतांत पाऊस इतका का पडतो, याचं एक कारण मला हेच वाटतं. यावर सावकाश बोलायला हवं, पण समोर घड्याळ आहे.

भावगीतांचं मात्र एक वाक्य बोलतो. जुन्या, मिनिटाला 78 फेरे फिरणाऱ्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मिळायची. ग. ना. जोशींनी ना. घ. देशपांड्यांची 'शीळ' गायली ती अशाच तबकडीवर. ना. घ. मेहकरला वकिली करायचे. एवढ्याशा वेळात कोणाची हकीकत मावणार? ध्रुपद, दोन-तीन कडवी, संपलं. हकीकत गळून पडली, विस्तव तेवढा राहिला.

आणि मग ते गाणं रेडिओवर आलं. 'आपली आवड' तुम्ही सगळ्यांनी ऐकलं असेल. गाण्याआधी ते मागणाऱ्यांच्या नावांची यादी वाचली जायची. या गावाहून अमुक, त्या गावाहून तमुक, त्यांचे घरचे, त्यांचे मित्र. गाण्यात नाव कोणाचंच नसायचं, वाचली जायची ती विस्तव मागायला आलेल्यांची. मी हाच मुद्दा पुन्हा सांगतोय, मला ठाऊक आहे. पण पत्रं वाचल्यावर पुन्हा सांगावासा वाटतो.

माझी एक आत्या आमच्याकडे राहायची. तिचं लग्न झालेलं नव्हतं. त्याबद्दल घरात कोणी बोलत नसे. 'आपली आवड' लागलं की ती सूप घेऊन रेडिओजवळ बसायची, तांदूळ निवडत. एक गाणं होतं. ते लागलं की तिचे हात थांबायचे. सूप मांडीवर तसंच, बोटांच्या चिमटीत एक खडा धरलेला. गाणं संपलं की खडा बाजूला टाकायची आणि पुढे निवडू लागायची. मी आठ-नऊ वर्षांचा असताना त्या गाण्याच्या आधी एकदा माझं नाव वाचलं गेलं. माझं, गावासकट! मी अंगणभर नाचलो. शाळेतल्या कोणीतरी दोस्ताने कार्ड टाकलं असेल असं धरून चाललो.

पुढे मी कॉलेजात गेलो, कविता वाचू लागलो, आणि एका संध्याकाळी ते गाणं चालू असताना तिला विचारलं, "आत्या, कोणाची आठवण येते गं?"

ती काही बोलली नाही. सूप उचलून आत गेली. त्यानंतर ते गाणं लागलं की तिला स्वयंपाकघरात काहीतरी काम निघायचं. मी राख उकरली होती.

तेव्हापासून मला हा प्रश्न सहन होत नाही. तुमच्या पत्रांना मी इतक्या कळकळीने उत्तर देतोय ते यामुळे. तुमचं चुकलं असं नाही, माझंही तेव्हा वयच तसं होतं. पण ऐकताना तुमचे हात थांबले असतील, तर तेवढं पुरे. पुढे जाऊ नका.

उखाण्यांबद्दल बोलायचं राहिलं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, आणि घ्यायचंच तर यमकात गुंडाळून घ्यायचं, ही आपल्या बायकांची रीत याच विषयात येते. तिथे नाव झाकायला नाही तर... पण निवेदक हात वर करताहेत. एक मिनिट उरलं आहे.

आत्या गेल्यावर तिची पत्र्याची ट्रंक मी उघडली. दोन लुगडी, एक पोथी, आणि पोथीत एक कोरं, न टाकलेलं पोस्टकार्ड. कोरं म्हणजे, पाठीमागे पत्ता घातला नव्हता. पुढे तिच्या वळणदार अक्षरात 'आपली आवड'साठी गाण्याची मागणी लिहिली होती. मागणाऱ्याचं नाव तिने स्वतःचं लिहिलेलं नव्हतं. माझं लिहिलं होतं.

कार्डावर गाण्याचं नाव आहे. ते मी तुम्हाला सांगणार नाही. वेळ झाली. नमस्कार.