शिक्षकाचा तास शिक्षकाकडेच

गावोगावच्या शाळांतून आलेल्या माझ्या गणित अध्यापक बंधू-भगिनींनो,

गेल्या काही वर्षांत शाळांमध्ये संगणक आले, टॅब आले, वर्गात मोठे पडदे लागले. त्यांचं करायचं काय, हे मात्र गणित शिकवणाऱ्यांना फारसं कुणी विचारलं नाही. आज मी तेवढ्याच विषयावर बोलणार आहे.

सुरुवात वजाबाकीने करू. ५२ वजा २७. चौथीतली मुलगी लिहिते ३५. ८१ वजा ४६, उत्तर ४५. ७३ वजा २९, उत्तर ५६. आपण तीन फुल्या मारतो आणि खाली शेरा लिहितो, ‘सराव करावा’. पण ही मुलगी गोंधळलेली नाही. वर असो वा खाली, मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, असा तिचा पक्का नियम आहे. आणखी वीस गणितं घातली तर तोच नियम आणखी पक्का होईल. अमेरिकेतल्या ब्राउन आणि बर्टन या संशोधकांनी १९७८ साली मांडलं, की मुलांच्या वजाबाकीतल्या पुष्कळ चुका अशा नियमानेच होतात आणि ते नियम शोधायला संगणकाला शिकवता येतं. वर्गभराच्या वह्या तपासताना आपल्या नजरेतून ते नियम सुटतात. वेळ पुरत नाही, डोळे थकतात. हे काम यंत्राने जरूर करावं.

शिकवण्यात यंत्राची मदत घेण्याची कल्पना नवी नाही. बी. एफ. स्किनर हे मानसशास्त्रज्ञ १९५३ साली आपल्या मुलीच्या गणिताच्या वर्गात जाऊन बसले. उत्तर बरोबर की चूक हे मुलांना लगेच कळत नव्हतं आणि सगळ्यांना एकाच वेगाने पुढे जावं लागत होतं. त्यावरून ते अध्यापन यंत्राकडे वळले. वेगाचा हा प्रश्न आपल्याकडे किती बिकट आहे, ते दिल्लीतल्या शाळकरी मुलांच्या एका अभ्यासात दिसलं. मुरलीधरन, सिंग आणि गनिमियन यांचा तो अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यातली सहावीची मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती. आपण अपूर्णांकांचा भागाकार शिकवत असतो आणि समोरच्या मुलाला अजून हातचा उमगलेला नसतो. अशा मुलाला त्याच्या पायरीवरून, त्याच्या गतीने गणितं देणारा संगणक उपयोगी पडतो. ज्या शिकवणी केंद्रांचा तो अभ्यास होता, तिथे मुलं अर्धा वेळ संगणकावर बसत आणि उरलेला अर्धा वेळ लहान गटात माणसाकडून शिकत. आपल्याकडच्या खरेदीच्या प्रस्तावांत हा दुसरा अर्धा भाग मला क्वचितच दिसतो.

गुजरातमधले दोन अनुभव तर प्रत्येक शिक्षणाधिकाऱ्याने समोर ठेवावेत असे आहेत. वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत ‘प्रथम’ संस्थेने चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास संगणकावर गणिताचे खेळ दिले. एका संगणकापुढे दोन मुलं. त्यांचं गणित स्पष्टपणे सुधारलं. पुढे ‘ज्ञानशाला’ या संस्थेच्या वर्गांत लिंडेन या अर्थशास्त्रज्ञाने दोन रीती तपासल्या. जिथे शाळेची वेळ सांभाळून संगणकाचा तास वेगळा दिला, तिथे मुलांचा फायदा झाला, मागे पडलेल्यांचा अधिक. जिथे शिक्षिकेच्या शिकवण्याचा वेळ काढून तो संगणकाला दिला, तिथे मुलं शिकायची तेवढीही शिकली नाहीत. संस्था तीच, संगणकही तेच. फरक फक्त वेळापत्रकात होता. मला वाटतं, या विषयावर याहून मोलाचा पुरावा दुसरा नाही. पट कमी आहे, शिक्षक मिळत नाहीत, मग पडदा लावा, असं म्हणणाऱ्यांना तो दाखवायला हवा.

आता आपल्या भाषेकडे येते. ‘तेवीस’ ऐकून मूल ३२ लिहितं, कारण त्याच्या कानावर तीन आधी पडतात. ‘एकोणपन्नास’ ऐकून ५९ लिहितं. २०१९ साली दुसरीच्या पाठ्यपुस्तकात ‘वीस तीन’ अशी वाचनाची रीत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला! त्या रीतीबद्दल आपली मतं वेगवेगळी असतील, पण अडचण खरी आहे हे पहिली-दुसरी शिकवणारी प्रत्येक बाई जाणते. इंग्रजीत तयार झालेल्या संगणक-कार्यक्रमावर मराठी आवाज चढवला, तर त्याला ही चूक ओळखूच येणार नाही. तो मुलाला पुन्हा एक ते शंभर मोजायला बसवेल. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास हे टप्पे वेगळे काढून दाखवायचे असतात, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. सांगणार कोण? आपणच.

म्हणून शासनाकडे माझी मागणी थोडक्यात अशी. संगणकाचा तास वेळापत्रकात जादा द्या, गणिताच्या तासिकेतून कापू नका. मुलाने काय चुकवलं याचा तपशील दुसऱ्या दिवशी परिपाठाआधी त्याच्या शिक्षकाच्या हाती पडला पाहिजे, आणि तो ‘चाळीस टक्के’ असा नको. ‘हातचा घेताना दशकातला एक कमी करत नाही’ असा हवा. मग ती चूक करणाऱ्या मुलांना खडू घेऊन जवळ बसवणं, काड्यांचा गठ्ठा सोडून दाखवणं, ‘हे कसं केलंस, सांग बघू’ असं विचारणं, हे आपलं काम. उत्तर चुकलेलं मूल मान खाली घालतं तेव्हा त्याला पुन्हा बोलतं करणंही आपलंच.

आणि आपल्याकडून एक काम मी मागते. येत्या सत्रात प्रत्येकाने वह्या तपासताना विद्यार्थ्यांच्या चुका जशाच्या तशा उतरवून ठेवाव्यात. मुलाचं नाव नको. फक्त इयत्ता, गणित, त्याने लिहिलेलं उत्तर आणि विचारल्यावर त्याने दिलेलं कारण. वजाबाकी आणि संख्यालेखनापासून सुरुवात करू, अपूर्णांक पुढच्या सत्रात घेऊ. हा संग्रह आपण जिल्हावार एकत्र करू आणि मराठीत शैक्षणिक कार्यक्रम तयार करणाऱ्या प्रत्येकाला मोफत देऊ. कोऱ्या तक्त्यांचे नमुने बाहेर नोंदणीच्या टेबलावर ठेवले आहेत, जाताना सोबत घेऊन जा.