बंडखोर आणि त्याची कोठडी



‘व्ही फॉर व्हेंडेटा’ हा इंग्रजी चित्रपट २००६ साली पडद्यावर आला, आणि त्याच्या नायकावरून तेव्हा पेटलेला वाद अद्याप विझलेला नाही. एका पक्षाच्या मते व्ही हा स्वातंत्र्यवीर. दुसऱ्याच्या मते तो निव्वळ घातपाती खुनी. आमच्या स्नेहीमंडळातही याच दोन फळ्या पडल्या आहेत. आज आम्ही जे बोलणार आहोत ते कदाचित दोन्ही फळ्यांना रुचणार नाही; कारण आमच्या मते दोघेही भलत्याच जागी भांडत आहेत.

ज्यांनी चित्रपट पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथासूत्र थोडक्यात. स्थळ, भावी काळातील इंग्लंड. नॉर्सफायर नावाच्या पक्षाने स्वतःच पसरविलेल्या रोगाच्या भीतीवर स्वार होऊन सत्ता बळकावली आहे. रात्री संचारबंदी, घराघरांतील संभाषणावर कान लावून बसलेले हेर, आणि दूरचित्रवाणीवर अहोरात्र एकच सूर. अशा राज्यात गाय फॉक्सचा मुखवटा घातलेला एक मनुष्य ओल्ड बेलीचे न्यायमंदिर सुरुंगाने उडवितो, आणि वर्षभराने पार्लमेंट उडविण्याची प्रतिज्ञा करतो. (मूळचा फॉक्स ५ नोव्हेंबर १६०५ रोजी बंदुकीच्या दारूच्या ३६ पिंपांसह पकडला गेला. तो लोकसत्तेसाठी नव्हे, कॅथलिक पंथाच्या राज्यासाठी झगडत होता, याचा विसर मुखवटा मिरविणाऱ्यांना बहुधा पडतो.)

आता, इमारती उडविणे आणि जुलमी अधिकाऱ्यांचे खून पाडणे, एवढ्यावरच वादी-प्रतिवादी आपली सारी शक्ती खर्च करतात. लार्कहिलच्या छळछावणीत ज्यांनी माणसांवर प्राणघातक प्रयोग केले, त्यांना व्ही एकेक करून टिपतो. त्यांतल्या पश्चात्तापदग्ध डॉक्टरणीलाही तो सोडीत नाही; तिला वेदनारहित मरण देतो, एवढीच काय ती दया. हे सूडाचे गणित आहे. ते पटो वा न पटो, निदान ते समजते.

परंतु इव्हीचे काय? ही मुलगी त्याची शत्रू नाही. पोलिसांपासून त्याने तिला वाचविलेले आहे आणि तिनेही त्याला वाचविलेले आहे. तिला एके रात्री पकडून नेले जाते, तिचे केस भादरले जातात, अंधारकोठडीत टाकून तिला दिवसामागून दिवस छळले जाते. व्हीचा ठावठिकाणा सांग, नाहीतर गोळी खा! शेजारच्या कोठडीतून आलेली, व्हॅलरी नावाच्या स्त्रीने लिहिलेली चिठ्ठी वाचीत ती तग धरते, आणि अखेर मरण पत्करते पण तोंड उघडीत नाही. तेव्हा दार उघडते, आणि तिला कळते की पहारेकरी म्हणजे एक बाहुला होता, तुरुंग व्हीच्या घरातच होता, आणि छळणारा हात खुद्द व्हीचा होता. तूच निर्भय होऊ इच्छीत होतीस, हे त्याचे उत्तर.

व्हॅलरीची चिठ्ठी खरी होती, असे त्याचे कैवारी सांगतात. होय, खरी होती. लार्कहिलमध्ये ती व्हीला मिळाली होती. पण म्हणूनच अपराध अधिक जड होतो. छळात मरण पावलेल्या एका स्त्रीचे अखेरचे शब्द दुसऱ्या स्त्रीच्या छळाचे उपकरण म्हणून वापरले गेले! साधनशुचितेची चर्चा करावयाची तर ती या कोठडीच्या उंबऱ्यावर करावी. जुलमी सरकारची इमारत पाडणे निराळे, आणि त्या सरकारचा तुरुंग आपल्या तळघरात हुबेहूब उभारणे निराळे.

चित्रपट येथे कच खातो. इव्ही संतापते, त्याला सोडून जाते. पण पावसात हात पसरून उभी राहते तेव्हा संगीत असे काही चढते की प्रेक्षकाने तिच्या आधीच व्हीला माफ केलेले असते. पुढे ती त्या मुखवट्याचे चुंबनही घेते.

मूळ चित्रकथेचे लेखक अ‍ॅलन मूर यांनी या चित्रपटावर आपले नाव घालू दिले नाही. श्रेयनामावलीत फक्त चित्रकार डेव्हिड लॉइड यांचे नाव आहे. १९८२ पासून क्रमशः प्रसिद्ध झालेल्या त्या कथेत लढा फॅसिझम आणि अराज्यवाद यांचा होता, आणि निवाडा वाचकावर सोपविलेला होता. कोठडी तेथेही आहे; उलट इव्ही तेथे अवघी सोळा वर्षांची आहे. फरक इतकाच की तेथे व्ही आपल्याला सुखाने आवडू दिला जात नाही.

आणखी एका मृत्यूकडे लक्ष वेधावेसे वाटते. व्ही घरोघर मुखवटे पाठवितो. एक लहान मुलगी तो घालून भिंत रंगविते आणि सरकारी शिपायाच्या गोळीला बळी पडते. असे काही घडणारच, आणि मग जमाव उसळणार, हे फिंच या पोलीस अधिकाऱ्याला अगोदर उमजते. मग व्हीला उमजले नसेल काय? त्याच्या हिशेबात ते पोर धरलेलेच होते.

व्हीच्या बाजूने एकच गोष्ट खरोखर वजनदार आहे. दारूगोळ्याने भरलेली आगगाडी पार्लमेंटखाली धाडण्याचा निर्णय तो स्वतः घेत नाही. आपण जुन्या जगाचे, नव्याचा हक्क आपला नव्हे, असे सांगून तो कळ इव्हीच्या हाती सोपवितो. तरीही आमच्या मनात किंतु उरतोच. ज्या हाताने ती कळ ओढली, तो हात त्याच्याच कोठडीत घडलेला होता. निवड तिची, की कोठडीची? चित्रपटात हे कोणी विचारीत नाही. फिंच तेवढा पिस्तूल रोखून काही क्षण उभा राहतो, आणि मग तोही ते खाली घेतो.