झिजलेला टर्बो आणि घरचा कारागीर



या मालेत कोणी संतवाङ्मयावर बोलते, कोणी अर्थकारणावर. त्यांच्या मध्येच मोटारीचा टर्बो कोठून उपटला, असा प्रश्न काही मंडळींच्या चेहऱ्यावर आम्हांला दिसतो आहे. परंतु ज्यांच्या दारात डिझेलची मोटार उभी आहे त्यांना हा विषय परका वाटणार नाही. त्या घरांत ‘टर्बो गेला’ हे दोन शब्द, पूर्वी एखाद्या असाध्य रोगाचे नाव उच्चारावे तसे दबक्या आवाजात उच्चारले जातात. नव्या टर्बोची किंमत ऐकून गृहस्थ घरी येतो, आणि मग त्याच्या मनात येते की हे यंत्र तळहाताएवढे तर आहे, त्यात दांडा एक, पंखे दोन. आपणच का उघडू नये? या ‘का उघडू नये’चे उत्तर द्यावे म्हणून आम्ही उभे आहोत. उघडावे, असेच आमचे मत आहे. मात्र कोठपर्यंत, ते नीट समजून घ्यावे.

प्रथम यंत्राची ओळख. इंजिनात जेवढी हवा जाईल तेवढ्याच प्रमाणात इंधन जळू शकते. अधिक शक्ती हवी तर अधिक हवा कोंबली पाहिजे. इकडे इंजिनातून जो धूर बाहेर जातो त्यात उष्णता असते, दाब असतो, आणि तो सारा फुकट जातो. या धुराच्या वाटेत एक पंखा बसवला, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा बसवून त्याच्याकडून इंजिनात हवा कोंबून घेतली, की झाला टर्बो. स्वित्झर्लंडमधील अल्फ्रेड ब्यूखी या इंजिनिअराने या कल्पनेचे पेटंट १९०५ मध्येच घेतले होते. पण कल्पना सुचणे निराळे आणि तापलेल्या धुरात टिकणारी धातू मिळणे निराळे. वीस वर्षे गेली, तेव्हा कुठे जर्मनीच्या दोन प्रवासी बोटींवर तो बसला आणि त्यांच्या इंजिनांची शक्ती १७५० वरून २५०० अश्वशक्तीवर गेली. मध्यंतरी १९१८ मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी कोलोरॅडोतील पाइक्स पीक या चौदा हजार फुटांच्या शिखरावर विमानाचे इंजिन वर चढवून, विरळ हवेतही टर्बोमुळे त्याचा जोर टिकतो हे दाखवून दिले होते.

मोटारीत तो आला १९६२ मध्ये. त्या वर्षीच्या ओल्ड्समोबिल जेटफायर या गाडीत टर्बोबरोबर पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण इंजिनात सोडावे लागे. त्यासाठी वेगळी टाकी होती आणि ती मालकाने भरायची होती. मालक ती भरीनात! शेवटी कंपनीवर अनेक गाड्यांचे टर्बो काढून साधे कार्बुरेटर बसवून देण्याची पाळी आली. यंत्र चांगले असून निगा राखणारा नसला म्हणजे काय होते, याचा हा पहिला दाखला. आपल्याकडे पुण्याजवळ रांजणगावला १.३ लिटरचे डिझेल इंजिन तयार होऊ लागले, अनेक गाड्यांत ते बसले, आणि टर्बो मध्यमवर्गाच्या अंगणात आला. एप्रिल २०२० मध्ये धुराचे नवे नियम लागू झाले तेव्हा लहान डिझेल गाड्यांचे उत्पादन पुष्कळ कंपन्यांनी बंद केले. परंतु विकलेल्या गाड्या रस्त्यावर आहेत आणि वयोमानाप्रमाणे त्यांचे टर्बो आता कुरकुरू लागले आहेत.

आता थोडे गणित. लहान टर्बोचा दांडा भरधाव गाडीत मिनिटाला दोन लाख फेऱ्या घेऊ शकतो. हवेकडच्या पंख्याचा व्यास चाळीस मिलिमीटर धरला, म्हणजे जुन्या रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा, तर त्याच्या पात्याचे टोक सेकंदाला सुमारे चारशे वीस मीटर धावते. त्या वेगाने निघालेला माणूस पुण्याहून कोल्हापूरला नऊ-साडेनऊ मिनिटांत पोचेल! असा दांडा कशावर फिरत असेल? बॉल-बेअरिंगवर असे बहुतेकांना वाटते. काही महागड्या टर्बोंत ती असतातही. पण साध्या टर्बोत असतात दोन पितळी बुश, आणि खरे सांगायचे तर दांडा बुशवरही फिरत नाही, तेलावर फिरतो. बुश आणि दांडा यांच्या मध्ये तेलाचा पातळ थर. बुश आणि घर यांच्या मध्ये तेलाचा दुसरा थर. बुशही बहुधा मोकळा असतो, तोही दांड्यामागून संथपणे फिरत राहतो. जोवर हे दोन थर शाबूत आहेत तोवर धातूला धातू लागत नाही, आणि जेथे लागत नाही तेथे झीजही नाही.

म्हणून टर्बो झिजला असे कोणी म्हटले की आम्ही आधी तेल काय केलेत ते विचारतो. ठरलेल्या वेळी तेल न बदलणे हे पहिले पाप. दुसरे पाप घाटात घडते. कसारा म्हणा, खंबाटकी म्हणा, भरल्या गाडीनिशी घाट चढून यायचे, आणि माथ्यावरच्या पहिल्याच टपरीशी गाडी लावून चावी फिरवायची. त्या क्षणी धुराकडचे बिडाचे कवच अतिशय तापलेले असते. इंजिन थांबले की तेलाचा प्रवाह थांबतो, आणि ती उष्णता दांड्यावाटे बुशकडे सरकते. तेथे अडकलेले तेल कढईच्या बुडाला खरपूड धरावी तसे करपते. ही खरपूड तेलाच्या बारीक वाटा बुजवते आणि तिचे कण बुशला खरवडतात. दीड-दोन मिनिटे इंजिन संथ चालू ठेवले असते तर हे टळले असते. काही सावध गृहस्थ मात्र मंडईतून भाजी घेऊन आल्यावरही अंगणात पाच मिनिटे इंजिन चालू ठेवून शेजाऱ्यांना धूर पाजतात. त्याची काही गरज नाही.

टर्बो उघडण्यापूर्वी तो खरोखरच झिजला आहे काय हे पाहावे. या बाबतीत आपल्याकडे फार घाई होते. हवेच्या नळीत तेल दिसले किंवा मागून निळा धूर निघाला, की ‘सील गेले’ असा निकाल. पण टर्बोत तेल अडवणारे रबरी सील नसतेच मुळी. दोन्ही टोकांना पिस्टनवर असते तशी एक बारीक रिंग असते. तेल आत राहते ते मुख्यतः पंख्यांकडच्या दाबामुळे, आणि खाली जाणाऱ्या तेलाला मोकळी वाट असल्यामुळे. परतीची नळी तुंबली, इंजिनाच्या पोटातला वायू बाहेर सोडणारा ब्रीदर बंद पडला, किंवा हवेचा फिल्टर गच्च होऊन पंख्यापुढे ओढ निर्माण झाली, की नवा कोरा टर्बोसुद्धा तेल ओकतो. आमच्या परिचयाच्या एका शिक्षकांना टर्बो बदलावाच लागेल असे दोन ठिकाणी सांगण्यात आले होते. दांडा बोटाने हलवून पाहिला तर ठणठणीत. ब्रीदरची नळी काढली, ती काळ्या लोण्याने भरलेली. नळी धुतली, धूर थांबला. तेव्हा प्रथम या तीन वाटा पाहाव्यात. मग दांडा हलवून पाहावा. बोटाने आडवा हलवला तर किंचित हलतोच, त्याला भिऊ नये. तेलाच्या थरासाठी ठेवलेली ती जागा आहे. पण हलवताना पाते कवचाला घासत असेल, किंवा दांडा मागेपुढे सरकलेला डोळ्यांना दिसत असेल, तर टर्बो झिजला. डायल गेज लावल्यास अधिक चांगले. बऱ्याच साध्या टर्बोंत मागेपुढे ०.१ मिलिमीटरपर्यंतच सरक चालते. प्रत्येकाचा आकडा त्याच्या पुस्तिकेत दिलेला असतो, तोच मानावा.

आणि झिजला असे ठरल्यावर गाडी तशीच दामटू नये. डिझेलच्या गाडीत हा केवळ खर्चाचा प्रश्न नाही. बुश फुटून तेल हवेच्या वाटेने इंजिनात गेले, तर इंजिन स्वतःचेच तेल पिऊन चालू लागते. चावी काढली तरी थांबत नाही, उलट वेग वाढतच जातो. हातगिअरची गाडी असेल तर वरच्या गिअरमध्ये घालून, ब्रेक गच्च दाबून क्लच सोडावा, म्हणजे इंजिन गुदमरते. तेवढा वेळ हातून गेला असेल तर सगळ्यांना गाडीपासून दूर न्यावे. बॉनेट उघडून वाकून पाहू नये, हवेच्या तोंडावर हात तर मुळीच ठेवू नये.

आता काम. टर्बो गाडीतून काढणे हाच पुष्कळदा निम्मा त्रास असतो. वर्षानुवर्षे भाजलेले बोल्ट गंजून बसलेले असतात. आदल्या रात्री त्यांवर गंज सोडवणारे तेल सोडावे आणि सकाळी धीराने पाना लावावा. मोडलेला बोल्ट काढण्यात जो दिवस जातो तो कोणी भरून देत नाही. टर्बो ओट्यावर आला की उघडण्यापूर्वी दोन्ही कवचे मधल्या घराशी कोणत्या कोनात बसली आहेत, त्याच्या खुणा कोराव्यात. तसेच हवेकडचा पंखा, त्याचा नट आणि दांडा या तिघांवर एका रेषेत खूण करावी. ही खूण कशासाठी ते पुढे येईल. नट अनेक टर्बोंत उलट्या आट्यांचा असतो. दांडा धरायचा तो धुराकडच्या पंख्याच्या नाकाशी जो षट्कोनी भाग असतो तेथे. पाती पकडीत धरली की काम संपले. नट सोडवताना आणि आवळताना पाना दोन्ही हातांत समतोल धरावा, एका बाजूला ओढ दिली तर दांडा वाकतो, आणि हा वाक डोळ्यांना दिसत नाही.

सुटे भाग रॉकेलात किंवा डिझेलात भिजत घालावेत. खरपूड लाकडी काडीने काढावी. बुश बसतात त्या भोकांत तारेचा ब्रश घालू नये. तेलाची प्रत्येक वाट मऊ तारेने मोकळी करून आरपार उजेड दिसतो का पाहावे. मग दांडा उजेडात धरावा. बुशच्या जागी तो निळा पडला असेल, किंवा नखाला चरा लागत असेल, तर तो गेला. चकाकी सारखी असेल तर मायक्रोमीटरने मापावा, घराची भोकेही मापून घ्यावीत. हे दोन्ही मापात असतील तरच पुढे जाण्यात अर्थ आहे, कारण बाजारात मिळणाऱ्या किटमध्ये बुश, घोड्याच्या नालासारखे थ्रस्ट बेअरिंग, रिंगा आणि पॅकिंग एवढेच येते, आणि हे सारे चांगल्या दांड्यावरच बसवण्यासाठी असते. प्रत्येक भागाला स्वच्छ तेल लावून बसवावा. रिंगा तिरप्या बसल्या तर मोडतात, त्यांना जबरदस्ती चालत नाही. ज्या टर्बोत धुराकडची पाती हलती असतात तो मात्र घरी उघडू नये असे आम्ही स्पष्ट सांगतो. त्या पात्यांची बैठक कारखान्यात हवेचा प्रवाह मोजून ठरवलेली असते, ओट्यावर ती पुन्हा जुळत नाही.

येथवर हाताचे आणि डोळ्यांचे राज्य होते. यापुढे ते चालत नाही. मघाच्या चाळीस मिलिमीटर पंख्याच्या कडेला एक मिलिग्रॅम वजन अधिक आहे असे समजा. एक मिलिग्रॅम म्हणजे खसखशीचे दोन-तीन दाणे. दोन लाख फेऱ्यांना ते दाणे दांड्याला जवळजवळ नऊशे ग्रॅमच्या ओढीने बाहेर खेचतात, आणि तेही प्रत्येक फेरीला, म्हणजे सेकंदाला तीन हजारांहून अधिक दिशा बदलत! तेलाचा थर हे किती काळ सोसणार? म्हणून कारखान्यात आधी प्रत्येक पंखा वेगळा तोलतात, आणि जुळवलेला गाभा पुन्हा यंत्रावर फिरवून तोलतात. नटावर किंवा पंख्यावर घासून काढल्यासारख्या ज्या जागा दिसतात त्या या तोलण्याच्या खुणा असतात. कोणी त्या कानशीने ‘नीट’ करू नयेत. आपण कोरलेल्या रेषेवर जुनाच दांडा, जुनाच पंखा आणि जुनाच नट जुळवला की बराचसा तोल परत येतो, आणि त्या भरवशावर गाड्या चालवणारेही आहेत. तरीही लहान, वेगवान टर्बोचा जुळवलेला गाभा तोलण्याच्या यंत्रावर नेल्यावाचून गाडीत बसवू नये असे आमचे मत आहे. पंखा किंवा दांडा नवा घातला असेल तर येथे मताचा प्रश्नच उरत नाही. मोठ्या शहरांत टर्बोची कामे करणाऱ्यांकडे ही यंत्रे असतात. निम्मे काम घरी आणि हे एक काम दुसऱ्याकडे, यात कमीपणा कसला? घरी लोकरीचा स्वेटर विणणारी बाईसुद्धा लोकर घरी कातीत नाही.

टर्बो परत बसवताना ज्या रोगाने जुने बुश गेले तो रोग गाडीत शिल्लक ठेवू नये. तेल आणणारी बारीक नळी शक्यतो नवीच घालावी, तिच्या आतली खरपूड बाहेरून कळत नाही. परतीची नळी साफ, कोठेही न दबलेली, सरळ उताराची हवी. तेल आणि फिल्टर बदलावे. जुन्या पंख्याचे पाते तुटलेले असेल तर इंटरकूलर काढून धुवावा, कारण त्यात धातूचे कण दडून बसतात आणि नंतर इंजिनात जातात.

शेवटी टर्बोच्या तेलाच्या तोंडात स्वच्छ तेल ओतून पंखा बोटाने फिरवावा. इंधन तोडून, ते कसे तोडायचे हे गाडीच्या पुस्तिकेत असते, स्टार्टर थांबून थांबून मारावा, परतीच्या नळीतून तेल येताना दिसेपर्यंत. मग ती नळी जोडून इंजिन सुरू करावे आणि काही मिनिटे संथ चालू द्यावे. ‘कसा ओढतो पाहू’ म्हणून ॲक्सिलरेटर दाबू नये. पहिले दोन-तीनशे किलोमीटर झाल्यावर हवेची नळी पुन्हा काढून आत बोट फिरवावे. बोट नुसते तेलकट झाले तर तो ब्रीदरमधून येणारा नेहमीचा ओलावा आहे. तेल ओघळत असेल तर टर्बो पुन्हा उघडण्यापूर्वी परतीची नळी, ब्रीदर आणि हवेचा फिल्टर याच क्रमाने पाहावे.